कापलेल्या प्रसंगाचं परीक्षण

रत्नागिरी
८ डिसेंबर २०२५

चि. महेंद्र यास,

अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीला ते द्यावेच लागतात म्हणून आधी देऊन टाकले. आता भांडायला मोकळी झाले.

परवा फोनवर तोंडाला येईल ते बोललास आणि माझी पाळी आली तेव्हा फोन ठेवून दिलास. नंतर मी चार वेळा लावला. शेवटी शिवणक्लासच्या खालच्या मोबाईलवाल्याला दाखवला, तर तो म्हणाला, "ताई, तुम्हाला ब्लॉक केलंय." बरं. मला अडवता येतं, पोस्टमनला येत नाही. म्हणून हे पत्र.

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की 'किनारपट्टी'च्या मागच्या अंकातलं माझं परीक्षण मी मागे घ्यावं, आणि पुढच्या अंकात "गैरसमजातून लिहिलं गेलं" असा खुलासा छापावा. नाहीतर तुझ्या दिग्दर्शकाचा राग जाणार नाही आणि पुढच्या वर्षाचा करार होताना अडचण येईल. माझं उत्तर, नाही. खुलासा छापणार नाही. संपादक हर्षद दोनदा विचारायला आला, त्यालाही हेच सांगितलं.

तू विसरला असशील म्हणून आठवण करून देते. 'रिमोट माझ्या हातात' हे सदर मी तुझ्या 'झोपेचं खोबरं'च्या आधीपासून लिहिते आहे. दिवसा पोरींना बाह्या कापायला शिकवते आणि आठवड्यातून एकदा टीव्हीवाल्यांना कापते. शनिवारी रात्री अकराला लागणारा तुझा कार्यक्रम मी एकही भाग न चुकवता पाहिला आहे. एसटी कंडक्टरच्या प्रहसनात तू सुट्या पैशांवरून देवाशी भांडलास, त्यावर मी अर्धा रकाना कौतुक केलं होतं. ते कात्रण तू स्टेटसला ठेवलं होतंस, "आमच्या गावची समीक्षक" म्हणून. स्तुती केली तेव्हा समीक्षक, आणि नाव ठेवलं की जळकी बहीण? असं नाही चालत रे.

आता त्या भागाकडे येते. प्रहसन तूच लिहिलंस आणि हौसाबाईही तूच झालास. हौसाबाईचा नवरा मुंबईला गेला तो गेलाच. तिकडे दुसरं घर केलं. ही इकडे उंबऱ्यात बसून कोंबडीशी गप्पा मारते, भाकऱ्या करपवते. इथवर मी हसले. कोंबडी तुला उलट उत्तर देते आणि तू तिच्यासमोर खाली मान घालतोस, तिथे मी एकटीच मोठ्याने हसले. हे मी परीक्षणात लिहिलं आहे, तू ते वाचलंस का? मग नवरा परत येतो. आणि हौसाबाई "धनी, पाय द्या, पाय!" करत त्याच्या मागे गुडघ्यांवर रांगत सगळा रंगमंच फिरते. तो पाय देत नाही, ती रांगते. परीक्षक टेबलं बडवतात. संपलं.

तिथे मला पोलकं दिसलं.

गणपतीत तू मला फोन करून सांगितलंस, "ताई, काकीच्या मापाचं एक पोलकं शिव, दिवाळीला तिला देतो." कापड तूच पाठवलंस, ते अपुरं पडलं, म्हणून डाव्या काखेखाली मी जोड दिला. हौसाबाईने रांगताना हात वर केला आणि तो जोड टीव्हीवर दिसला. माझा जोड मला ओळखता येणार नाही? अंगावरचं लुगडंही आपल्या चिमाकाकीचं. "आठवण म्हणून ने" असं तिने म्हटलं होतं. आणि पडद्यावर सुरुवातीला पाटी, सर्व पात्रे काल्पनिक आहेत.

मी लिहिलं ते असं, तुला झोंबलेलं वाक्य तेवढं देते. "महेंद्र यांना लुगडं नेसता येतं, पण त्यातली बाई त्यांनी अंगणातच सोडली. ज्या बाईवरून हे प्रहसन उचललं आहे, ती नवऱ्याच्या पाया पडली नव्हती. तिने जे केलं ते यापेक्षा कितीतरी जास्त हसवणारं होतं. लेखकाला ते माहीत असूनही त्याने ते वगळलं."

यातला एक शब्द खोटा असेल तर सांग. तू त्या वेळी तिथेच होतास.

तुझी
ताई

*

रत्नागिरी
२६ डिसेंबर २०२५

महेंद्र,

उत्तर नाही. मला तशी अपेक्षाही नव्हती. श्रुतीचा मात्र फोन आला. बिचारी दोन्हीकडून ओढली जाते आहे. म्हणाली, "ताई, हे नीट जेवत नाहीत. ऑफिसात तुमचं कात्रण कोणीतरी नोटीस बोर्डावर लावलं." मी तिला विचारलं, त्याने कात्रण पूर्ण वाचलं का? ती म्हणाली, "ते मला विचारू नका." बुरोंडीची मुलगी आहे, सरळ बोलते. तिला माझे आशीर्वाद सांग, त्यात काहीही आखडता हात नाही.

मी गावी जाऊन आले. चिमाकाकीला तो भाग शेजारच्या ज्ञानेश्वरीने मोबाईलवर दाखवला होता. मला वाटलं काकी रडत असेल. मी एसटीत बसून समजुतीची वाक्यं जुळवत गेले. काकी खळ्यात बसून कुळीथ पाखडत होती. म्हणाली, "दमे, तो कोंबडीचा काय मस्त केलान गो म्हेंद्यान! माजी कोंबडी अशीच बोलते." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "पन माजा शेवट खाल्लान त्यानं."

तेवढंच. अपमान वगैरे काही नाही. "माजा शेवट खाल्लान." महेंद्र, मी रकानाभर लिहिलं ते तिने एका वाक्यात सांगून टाकलं, आणि मला तिचा थोडा हेवाही वाटला.

तो शेवट तुला आठवत नाही असं तू म्हणूच शकणार नाहीस. शिमग्यात पालखी आपल्या वाडीत आली होती. तू फणसावर चढून बसला होतास. काकीला टाकून गेलेले रावजीकाका कित्येक वर्षांनी मुंबईहून उगवले होते, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. इतकी वर्षं काकीच्या अंगणात पालखी यायची तेव्हा घरात पुरुष नाही म्हणून सगळं काकीच करायची. नारळ तीच द्यायची, आणि मानकरी धोंडूतात्या देवाला गाऱ्हाणं घालायचे तेही तिच्याच नावाने. त्या वर्षी काका ऐटीत पुढे झाले आणि काकीच्या हातातला नारळ घ्यायला गेले. सगळी वाडी बघत होती. काकीने नारळ सोडला नाही. तात्यांना म्हणाली, "तात्या, ह्या घराचा गाराना आजवर कोनाच्या नावानं घातलास? चिमाच्या. मग आज पन तसाच घाल. हे पावने हायत. पावन्यांना ओटीवर बसवा आनि च्या द्या."

ढोलवाला हसून हसून वाजवायचा थांबला. तू फणसावरून पडता पडता राहिलास. आणि काका खरंच ओटीवर जाऊन बसले, चहा आला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला. काकीने त्यांना घालवून दिलं नाही. औषधपाणी केलं, शेवटपर्यंत दोन वेळचं जेवण दिलं. पण ते झोपले ओटीवरच, आणि पालखीचं गाऱ्हाणं ते जाईपर्यंत आणि त्यानंतरही चिमाच्याच नावाने झालं.

एवढा मोठा हशा तुझ्या पदरात आयता पडलेला होता आणि तू तो टाकून दिलास. फोनवर तू म्हणालास, "चॅनेलला फॅमिली प्रेक्षक हवा असतो, नवऱ्याला ओटीवर बसवणारी बाई त्यांना चालत नाही." कोणाच्या फॅमिलीबद्दल बोलतोस तू? आपल्याला तर चालली होती.

आता त्याचं काय झालंय ते ऐक. काकी बाजाराला निघाली की शाळेतली पोरं एसटीच्या खिडकीतून ओरडतात, "पाय द्या, पाय!" एकाने तिचा व्हिडिओ काढला. परवा बँकेत एक जण म्हणाला, "काय हौसाबाय, धनी आले का?" ज्या बाईच्या अंगणात बोलताना माणसं शब्द मोजायची, तिला आता कोणीही येऊन चिडवतं. हसणं वाईट नाही. शिमग्यात आपण एकमेकांना नावं घेऊन शिव्या घालतो, सोंगं काढतो. पण ज्याचं सोंग काढायचं त्याच्या अंगणात जाऊन काढतो. तो समोर उभा असतो, आणि त्याला उलट बोलता येतं. तू मुंबईला, दिव्यांच्या उजेडात, तिच्या पाठीमागे काढलंस. तिला उलट बोलायला जागाच ठेवली नाहीस. माझा राग आहे तो याचा.

आणि मी खुलासा छापणार नाही हे पुन्हा लिहिते, म्हणजे श्रुतीला परत विचारायला लावू नकोस.

ताई

*

रत्नागिरी
२० जानेवारी २०२६

महेंद्र,

तुमच्या ऑफिसातून एक मुलगी आली होती. गोड बोलणारी, मनस्वी नावाची. 'झोपेचं खोबरं'चा कोकण विशेष भाग रत्नागिरीच्या नाट्यगृहात होणार, आणि त्यात "खऱ्या हौसाबाई" पहिल्या रांगेत बसणार. तुझं प्रहसन झालं की निवेदक त्यांना वर बोलावणार, तू लुगड्यातच त्यांच्या पाया पडणार, मागे बासरी वाजणार. परीक्षणावरून जे काही झालं ते "पॉझिटिव्हली संपेल" असं ती म्हणाली. मी विचारलं, "काकींना बोलायला माईक देणार का?" तर म्हणे, "दोन शब्द, आशीर्वादाचे."

ही कल्पना तुझी की दिग्दर्शकाची, ते मला माहीत नाही. तुझी असेल तर तुला लाज वाटली पाहिजे. त्याची असेल आणि तू हो म्हणाला असशील, तर थोडी जास्त.

मी काकीला जाऊन सांगितलं, अजिबात जायचं नाही. तिला म्हटलं, तुझ्या नावाने चाललेली थट्टा धुवायला ते तुलाच वापरतायत. त्यावर काकी माझ्याशीच भांडली. "तू कोन गो मला सांगनारी? म्हेंद्या मला बोलावतोय, गाडी पाठवतोय, मी जातंय." मी म्हटलं, अगं ते तुला बाहुलीसारखं बसवतील. तर म्हणाली, "बसवूंदेत. मी उठीन." आणि वर मला ऐकवलं, की तुझं ते परीक्षण-बिरीक्षण तुझ्यापाशी, माझ्या वतीने बोलायला मी तुला सांगितलं नव्हतं.

खरं सांगते, हे मला लागलं. मी इकडे तिच्यासाठी लढते आहे अशा थाटात होते. शिवणक्लासमधल्या दोघी मुली आयांनी काढून घेतल्या, "आपल्या गावचा पोरगा टीव्हीवर गेला आणि सख्खी बहीणच त्याच्यावर उठली" म्हणून. तुला हे सांगणार नव्हते. आता लिहिलं गेलं आहे तर राहू दे. कीव नको आहे, मुली परत येतील. रत्नागिरीत माझ्यासारखी बाही कोणी बसवत नाही.

तर काकी येते आहे. तिने नवं पोलकं मागितलं, ते मी शिवते आहे, आणि या वेळी कापड पुरेसं घेतलं आहे. तुला आधीच सांगून ठेवते, पुढे म्हणू नकोस की ताईने शिकवून पाठवली. मी तिला काहीही शिकवलेलं नाही. ती शिकवून घेणारी नाही. तिच्या हातात माईक दिलात तर ती बोलेल, आणि काय बोलेल ते मलाही माहीत नाही.

मीही येणार आहे. पास पाठवू नकोस, मी तिकीट काढलं आहे.

ताई

*

रत्नागिरी
१५ फेब्रुवारी २०२६

महेंद्र,

काल रात्री तो भाग दाखवला. मी पाहिला. तिकडे गावी ज्ञानेश्वरीच्या घरी वाडी जमली होती, त्यांनीही पाहिला. सकाळी काकीचा फोन आला, "दमे, मी हायच नाय गो त्यात." एवढं बोलली आणि फोन ठेवला. तिचा आवाज असा मी काका गेले तेव्हाही ऐकला नव्हता.

कार्यक्रमात काय दाखवलं ते तुला सांगायला नको. तू पाया पडतोस, बासरी, काकीचा चेहरा, निवेदक डोळे पुसतो, जाहिरात. म्हणजे काकीने हौसाबाईला माफ केलं, आणि तेही तोंडातून शब्द न काढता.

चित्रीकरणाच्या दिवशी नाट्यगृहाच्या दारात तुमच्या माणसांनी सगळ्यांचे मोबाईल पिशवीत घालून ठेवून घेतले होते. त्यामुळे मधे जे झालं त्याचा फोटो नाही, व्हिडिओ नाही. तुमच्याकडे आहे, ते तुम्ही कापलंत. आता ते घडलं होतं हे फक्त हॉलमधली माणसं सांगू शकतात, आणि त्यांच्यातल्या एकीला दर आठवड्याला रकाना मिळतो. पुढच्या अंकासाठी लिहिलेलं परीक्षण खाली उतरवून पाठवते आहे. छापण्याआधी दाखवते ती तू भाऊ आहेस म्हणून. बदल सुचवायला दाखवत नाही.

"गेल्या शनिवारी 'झोपेचं खोबरं'चा कोकण विशेष भाग प्रसारित झाला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहिण्यासारखं जे होतं ते प्रेक्षकांपर्यंत पोचलेलं नाही, म्हणून हे परीक्षण कापलेल्या प्रसंगाचं आहे. प्रस्तुत लेखिका सातव्या रांगेत होती.

हौसाबाईच्या लुगड्यात असलेले महेंद्र पाया पडले. निवेदकाने चिमाबाईंपुढे माईक धरला आणि विचारलं, काकी, कशी वाटली आमची हौसाबाई? चिमाबाई म्हणाल्या, 'लुगडा बरा नेसलाय. निऱ्या माज्यापेक्षा चांगल्या घातल्यान. पन हिनं पाय कशाला धरलेन, ता काय मला कळला नाय.' प्रेक्षक हसले. निवेदक म्हणाला, काकी, प्रेम असतं ना! त्यावर चिमाबाई म्हणाल्या, 'प्रेम व्हता की. म्हनून तर च्या दिला.'

निवेदकाने माईक काढून घेण्याचा प्रयत्न केला. चिमाबाईंनी तो सोडला नाही. मागून लोक ओरडू लागले, सांगा, काकी, सांगा. तेव्हा त्यांनी नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला बोटाने दाखवलं आणि म्हणाल्या, 'तू माजा घोव ना? मग बस तिकडं. तू पावना.' तो बिचारा खरोखर बसला. मग त्या महेंद्र यांच्याकडे वळल्या. 'आनि तू माजा लुगडा नेसलायस ना? मग माज्यासारखा बोल. फनसावर व्हतास ना तू? काय बोलली व्हती मी?'

महेंद्र यांनी एकदा विंगेत पाहिलं. विंगेतून दिग्दर्शक हाताने नको, नको करत होते, हे आम्हाला सातव्या रांगेतून दिसत होतं. आणि मग महेंद्र यांनी पदर खोचला. मोठ्याने नाही, रडून नाही, तोंड वेडंवाकडं करून नाही. सहज बोलावं तसे ते बोलले, 'ह्या घराचा गाराना आजवर कोनाच्या नावानं घातलास? मग आज पन तसाच घाल. हे पावने हायत. पावन्यांना ओटीवर बसवा आनि च्या द्या.'

प्रस्तुत लेखिकेने पुष्कळ नाटकं आणि त्याहून पुष्कळ टीव्ही पाहिला आहे. इतका मोठा हशा तिने ऐकलेला नाही. त्यात टाळ्या होत्या, शिट्ट्या होत्या, आणि काही बायका रडत होत्या. महेंद्र यांनी गेल्या कित्येक भागांत जे केलं ते सगळं एका पारड्यात घातलं तरी त्या एका वाक्याची बरोबरी होणार नाही. त्या वेळी ते विनोदी नट नव्हते, फक्त चांगले नट होते. हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नाही, कारण त्यांना तशी संधी कोणी दिलेली नाही, आणि एका म्हातारीने दिली तर ती कार्यक्रमाने कापली.

हा प्रसंग कोणी कापला ते आम्हाला माहीत नाही. पण तो कापला जाताना ज्यांनी तोंड उघडलं नाही त्यांच्यात महेंद्र होते, हे आम्हाला माहीत आहे. चांगल्या नटाकडून अधिक अपेक्षा असते."

हे असं आहे. श्रुतीने काल रात्रीच फोन केला होता. करारावर सही व्हायची आहे, मुलाची शाळा आहे, घराचं सगळं तुझ्यावर आहे. ती म्हणाली, "ताई, या वेळी तरी सोडा. त्यांच्यासाठी नाही तर माझ्यासाठी." माझाही जीव तुटतो रे. तू माझ्या अंगाखांद्यावर वाढलास, तुझं वाईट झालेलं बघायला मी ही लेखणी उचललेली नाही.

पण काकीला तिथे दुसऱ्यांदा गप्प केलंत. पहिल्यांदा तिला न विचारता, आणि या वेळी ती बोलल्यावर. मी गप्प राहिले तर तिसऱ्यांदा, आणि तेही माझ्या हातून. नाही जमणार. नाट्यगृहात त्या वाक्यावर मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, तू सातव्या रांगेकडे पाहिलंस, आणि मला दिसलं की तुलाही कळलं होतं तू काय केलंस ते. मग ते कापताना कुठे गेला होतास?

गुरुवारी दुपारी अंक छापखान्यात जातो.

ताई

*

रत्नागिरी
२१ फेब्रुवारी २०२६

महेंद्र,

गुरुवारी संध्याकाळी मी मुलींना बाहीचा गोल कापून दाखवत होते. मोबाईल वाजला. इतक्या दिवसांनी तुझं नाव दिसलं, मला वाटलं चुकून आलं असेल. उघडलं तर दोन अक्षरं. "छाप."

मी कात्री खाली ठेवली आणि मुलींसमोर रडले. मुली घाबरल्या. एकीने पाणी आणलं. हे लिहायचं नव्हतं, पण तुझ्यापाशी लपवून काय मिळवायचं आहे?

आता जे लिहिते ते तुला आवडणार नाही. तुझा निरोप आला तेव्हा अंक छापखान्यात जाऊन चार तास झाले होते. हर्षदच्या हातात कागद मी स्वतः दिला. तू "छापू नकोस" असं लिहिलं असतंस तरी तो छापूनच आला असता. तुझ्या परवानगीची मी वाट पाहिली नाही आणि पाहणारही नव्हते. तू हो म्हणालास म्हणून छापलं असा समज करून घेऊ नकोस, आणि कोणाला तसं सांगू नकोस. ते माझं आहे. तुझं वेगळं आहे.

तुझं काय ते मला काल श्रुतीकडून कळलं. माझं पत्र वाचून तू ऑफिसात गेलास, म्हणालास की तो प्रसंग दाखवत नाही तोवर हौसाबाई करणार नाही. दिग्दर्शक म्हणाला, मग हौसाबाई दुसरा करेल. आणि तू म्हणालास, लुगडं आमच्या घरचं आहे, ते घेऊन जातो. घेऊन आलासही. श्रुती सांगत होती, "ताई, पिशवीत लुगडं घेऊन दारात उभे, आणि हसतायत." तिने शिव्या दिल्या का मला? दिल्या असतील तर योग्यच आहे.

तुझं काम गेलं याचं मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. रात्री दोनदा उठून बसले. पण लिहिलं याचं वाईट वाटत नाही, आणि या दोन गोष्टी माझ्यात एकाच वेळी सुखाने राहतात, त्यांना मी काही करू शकत नाही.

इथली बातमी अशी, की काल अंक संध्याकाळपर्यंत संपला. नाट्यगृहात असलेली माणसं क्लासवर येऊन सांगतायत, मीही होतो, मीही ऐकलं. बँकेतल्या त्या गृहस्थाने काकीला उठून खुर्ची दिली म्हणे. ती बसली नाही, "मी काय पावनी हाय काय?" म्हणाली. ज्ञानेश्वरीने तिला परीक्षण दोनदा वाचून दाखवलं. तिची तक्रार आहे की मी नव्या पोलक्याबद्दल एक शब्द लिहिला नाही. आणि तुझ्याबद्दल म्हणाली, "बोलला तो. उशिरा बोलला, पन बोलला." ती एवढंच म्हणते, मीही तेवढंच म्हणेन. याहून जास्त शाबासकी आज मिळणार नाही.

आता तू घरी बसला आहेस, तर लिही. दिग्दर्शकासाठी नाही, फॅमिली प्रेक्षकासाठी नाही. लिहून झालं की मला पाठव. चांगलं असेल तर रकानाभर चांगलं लिहीन. वाईट असेल तर पहिल्याच ओळीत वाईट म्हणेन, आणि तू पुन्हा फोन बंद केलास तरी म्हणेन.

ताई